बारशाच्या पहाटे घर पडलं

"मॅडम, लहानपणापासून जे ऐकत आले तीच मी झालेय का? आता ते पुसता येतं का?" लातूरला समुपदेशनाची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय, कुणाला घरात ढ म्हणलेलं असतं, कुणाला पांढऱ्या पायाची, कुणाला 'बापावर गेलेला'. त्यातल्या एका ताईंचं सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई तिशीच्या, अंगणवाडीत काम करतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या बारा दिवसांच्या, आईच्या माहेरी, आणि त्याच दिवशी बारसं ठरलेलं. घर पडलं, मामा गेला, बारसं राहूनच गेलं आणि नाव पडलं भूकंपी. शाळेत दुसरं लावलं, पण घरात हेच चाललं. मामी म्हणायची, "आली आन् घर घेऊन गेली." लग्नात हळद लावायला ह्या पुढं झाल्या की कुणीतरी हळूच ताट सरकवायचं. हे सगळं तीस वर्षं गिळलं, आल्या त्या मात्र सहा वर्षाच्या पोरीमुळं, तिनं विचारलं होतं, "मम्मी, तू आलीस म्हणून घर पडलं का?"

मी लगेच 'असं काही नसतं हो' म्हणले नाही. ते त्यांना माहीतच होतं, बारावी सायन्स झालेल्या बाई, घरं का पडली हे त्यांनीच मला सांगितलं, मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर माळवदाचा बोजा, आणि विसर्जनाची रात्र करून गाढ झोपलेली माणसं. पण डोक्याला कळणं वेगळं आणि आत तसं वाटणं वेगळं.

डॅन मॅकॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की वयात येताना माणूस आपलं मागचं-पुढचं एका गोष्टीत ओवायला लागतो आणि ती गोष्ट त्याच्या ओळखीचाच भाग होते, आणि काहींच्या गोष्टीत प्रत्येक चांगल्याच्या मागं नासणं ठरलेलं असतं. ताईंचं अगदी तसंच. नोकरी लागली त्याच महिन्यात सासरे आजारी पडले, हे दोन वेगळे प्रसंग त्या एका दमात सांगायच्या, जणू एकाच्या पोटी दुसरा.

ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांच्या पद्धतीत माणूस प्रॉब्लेम नसतो, प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम असतो. म्हणून आम्ही 'भूकंपी' हे नाव ताईंपासून सोडवून समोर ठेवलं. कुणी दिलं, कधी, ते कुणाच्या कामी आलं? उत्तर मामीपाशी जाऊन थांबलं. बाविशीतली बाई, नवरा ढिगाऱ्याखाली गेलेला. जमिनीवर राग काढता येत नाही, पाळण्यातल्या लेकरावर काढता येतो. ताई इथं पहिल्यांदा रडल्या, आणि मला वाटतं त्या मामीसाठीसुद्धा रडल्या.

मग त्यांना म्हणलं, आईला विचारा, पण 'माझी चूक होती का' असं नाही, आदल्या रात्रीचं विचारा, कोण जागं होतं, काय शिजलं होतं. आई आजवर ह्यावर बोललीच नव्हती. शेंगा फोडता फोडता बोलली. मामा विसर्जनाहून उशिरा आला, गुलालाचे हात न्हाणीत धुतले, पोरीला मांडीवर घेतलं, उद्या ठेवायचं नाव फक्त बहिणीच्या कानात सांगितलं. पहाटे बाळ रडायला लागलं म्हणून आई घेऊन अंगणात आली, तेवढ्यात.

पुढच्या वेळी ताई अक्षरशः पळतच आल्या. "मॅडम, मी रडले मनून आई वाचली, म्हंजे मी तर शुभच की!" त्यांचा चेहरा बघून माझाही गळा भरून आला, पण मला तिथं थांबावंसं वाटलं नाही. हे तेच लुगडं उलटं नेसल्यासारखं, उद्या पोरगी आजारी पडली की परत अशुभ. बारा दिवसांचं लेकरू भुकेनं रडतं, एवढंच. आणि आईची आठवणही तीस वर्षांची, तो काही पंचनामा नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी 1990 च्या पुस्तकात लिहिलंय की आपल्या गोष्टीचे आपण एकटे कर्ते नसतो, आपला जन्म तर आपल्यापेक्षा आईवडिलांच्याच गोष्टीत जास्त असतो. मला हे फार खरं वाटतं. जन्माची आठवण आपल्याकडं नसतेच, ज्यानं सांगितली त्याची आपण घेतो, म्हणून एकाच तोंडून ऐकून थांबू नये, एवढंच माझं म्हणणं. (ब्रिटिश तत्त्वज्ञ गॅलन स्ट्रॉसन तर म्हणतात की काही माणसं आयुष्य गोष्टीसारखं जगतच नाहीत आणि नीट जगतात, म्हणून समोरच्याला गोष्ट बांधाच असा आग्रह मी धरत नाही.)

मामानं ठरवलेलं नाव ताईंनी मलाही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोरीला काय सांगितलं ते मात्र सांगितलं. "घर दगडमातीचं होतं, जमीन हलली, पडलं. आदल्या रात्री माझा मामा मला मांडीवर घेऊन बसला होता."

पोरगी म्हणली, "मग तू त्याच्या मांडीवर सू केलीस का?"

ते काही ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला.