जुन्या फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार वर घेणारे हात) उचलत नाही. पेरणी तोंडावर आहे, आधी काय बघू?

आधी पीटीओचा (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या शाफ्टचा) चालू-बंद करायचा दांडा बघा. हसू नका, आमच्याकडे लांज्यात मिस्त्री बोलावून झाल्यावर हेच निघालं होतं! या ट्रॅक्टरचा लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवरच फिरतो. दांडा न्यूट्रलला राहिला की पंप बंद, मग लिफ्टचा लिव्हर कितीही ओढा.

तो ठीक असेल तर ऑइल. गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि लिफ्ट, तिघांचं ऑइल एकच. डिपस्टिक बाहेर काढून बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. कोकणातल्या पावसात गिअर लिव्हरचं रबर फाटलं की तिथूनच झिरपतं. सगळं काढून नवीन भरा.

ट्रॅक्टर चार महिने मांगरात (शेडमध्ये) उभा होता का? मग पंपाचा कंट्रोल व्हॉल्व्ह (ऑइल सोडणारी-अडवणारी झडप) गंजून अडकला असणार. इंजिन चालू ठेवून लिफ्टचा लिव्हर वीसेक वेळा वर-खाली करा, कधीकधी सुटतो.

रिकामी वर येते पण नांगर उचलत नाही? मग पंप किंवा सिलिंडरची रिंग झिजली, ते घरचं काम नाही. आणि नांगराखाली लाकडी ओंडका लावल्याशिवाय हात घालू नका.