खाचरातल्या पाणभुंग्यावर औषध टाकू नका

प्रश्न : लावणी होऊन पंधरवडा झाला. खाचरात सुपारीएवढे काळे किडे पोहतायत. दुकानदार म्हणतो, दाणेदार औषध टाका, नाहीतर रोप जाईल. टाकू का?

उत्तर : नाही. तो पाणभुंगा आहे, भाताला तोंड लावत नाही. ओळख सोपी. कडेला पिवळी पट्टी. मागचा भाग पाण्याबाहेर काढून पंखांखाली हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. त्याची अळी डासांच्या अळ्या फस्त करते.

दुकानदाराला पिशवी खपवायची असते. लावणीनंतर ठरावीक दिवशी ‘एक डोस’ असं डोळे झाकून टाकायचं नसतं. दाणेदार औषध असतं ते खोड पोखरणाऱ्या खोडकिड्यासाठी. ते कधी? गाभेमर, म्हणजे मधला पोंगा सुकलेले फुटवे, 5 टक्क्यांवर गेली, किंवा चौरस मीटरला किडीचा एक अंडीपुंज (अंड्यांचा पुंजका) दिसला, तरच. आधी मोजा, मग दुकानात जा. फोरेट कुणी पुढे केलं तर घेऊच नका, 2020 च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. दाणेदार टाकायची वेळ आलीच तर लेबलवरच्या मात्रेतच, बांध बंद करून. जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकलंत तर औषध शेजारच्या खाचरातून थेट पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातं. ‘थोडं जास्त टाकलं तर बरं’ हे डोक्यातून काढा. जास्त मात्रेने पाण्यातले मित्रकीटक आधी मरतात. सायपरमेथ्रिनसारख्या औषधांच्या फवाऱ्यांनी तर तपकिरी तुडतुडे उलट वाढतात. हे मी किती खाचरांत पाहिलंय!

जपानच्या भातशेतीत हे भुंगे एके काळी सर्रास होते. कीटकनाशकं आली, बांधांना सिमेंट लागलं, डबकी बुजली. याच वंशातल्या दोन जातींना तिथे 2011 मध्ये कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. त्यातली एक, सायबिस्टर लिंबेटस, आपल्या देशातही आहे. आपल्याकडे ती वेळ येऊ द्यायची नाही.

प्रश्न : मग करायचं काय?

उत्तर : सखल कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा ठेवा. खाचर निचरा केलंत तरी तिथे पाणी राहतं, भुंग्याच्या अळ्या जगतात. इतकं सोपं काम, पण चार गुंठे वाया जातील म्हणून कुणी करत नाही. अहो, चार गुंठे कशाला, अंथरुणाएवढी जागा पुरते! काठावरची पाणवनस्पती उपटू नका, मादी तिच्या देठात अंडी घालते. बांधावर तणनाशक मारू नका, सिमेंट तर नकोच. पूर्ण वाढलेली अळी पाण्याबाहेर येऊन बांधाच्या ओल्या मातीतच कोष करते. खड्ड्यात गप्पी मासे सोडू नका, ते भुंग्याच्या कोवळ्या अळ्या खातात.

खोडकिड्यासाठी लावणीआधी रोपांचे शेंडे खुडा, अंडीपुंज त्यांच्याबरोबरच जातात. खुडलेले शेंडे बांधावर टाकू नका, नष्ट करा.

प्रश्न : शेततळ्याला अनुदान आहे का?

उत्तर : आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करा, अटी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. प्लास्टिक अस्तर लावणार असाल तर भुंग्यासाठी मातीचा खड्डा वेगळा ठेवा. गुळगुळीत प्लास्टिकवर ना वनस्पती उगवते, ना अळीला कोषासाठी माती मिळते.