साठ टक्के सवलतीतला ब्रँडेड शर्ट येतो कुठून?

ताई, तुम्ही विचारलंय की इंदूरला विजय नगरच्या दुकानात 2,999 चा ब्रँडेड शर्ट 1,199 ला मिळाला, तो खरा की नकली? आणि खरा असेल तर दुकानदाराला परवडतं कसं? या धंद्यात मी एकोणीस वर्षं काढली. आधी इथल्याच एम. टी. क्लॉथ मार्केटात नोकरी, मग राजवाड्याजवळ स्वतःचं दुकान. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शर्ट बहुधा खरा आहे. पण तो खरोखर स्वस्त पडला का, हे तो कुठल्या वाटेने आला त्यावर आहे.

सगळ्यात मोठी वाट उरलेल्या मालाची. मोठे ब्रँड हंगामाच्या कितीतरी महिने आधी माल शिवायला टाकतात. कुठला रंग चालेल, कुठला पडून राहील, हा शेवटी अंदाजच. त्यात बरीच दुकानं 'विकलं तर पैसे, नाहीतर माल परत' या बोलीवर घेतात. त्यामुळे उरलेलं सगळं कंपनीच्या गोदामात येऊन पडतं. तिथे भाडं चढतं, पैसा अडकतो, पुढच्या हंगामाच्या मालाला जागा उरत नाही. मग कंपनी लॉट काढते, म्हणजे उरलेला माल एकगठ्ठा विकते. त्यात निवडायची सोय नाही. 38 आणि 46 चा ढीग, मधली 40-42 नावापुरती. आम्ही याला कट साइज म्हणतो. अशा दुकानात आवडलेला शर्ट नेमका आपल्या मापात मिळत नाही, तो यामुळेच. लॉटचा भाव एमआरपीच्या टक्क्यात बोलतात. माल जितका जुना आणि साइज जितक्या तुटक, तितका टक्का खाली. पैसे रोख आणि माल परत होत नाही. एवढी जोखीम घेतली की साठ टक्के सूट देऊनही दुकानदाराला सुटतं. अमेरिकेत 1976 मध्ये स्थापन झालेली टीजे मॅक्स ही दुकानांची साखळी असाच माल उचलून विकते. काही माल तर ते पुढच्या हंगामासाठी बांधून ठेवतात.

दुसरी वाट एक्स्पोर्ट सरप्लसची, म्हणजे निर्यातीतून उरलेल्या मालाची. तिरुपूर, बंगळुरूचे कारखाने ऑर्डरपेक्षा थोडं जास्त कापतात, कारण शिवताना काही पीस बाद होतात. जे उरतं किंवा परदेशी गिऱ्हाईक नाकारतं, ते लेबल कापून इकडे येतं. कापड बहुतेक उत्तम असतं. फक्त एक लक्षात घ्या. परदेशासाठी शिवलेल्या कपड्यावर आपली एमआरपी मुळात नसतेच. चिठ्ठी दिसली तर ती इथे कुणीतरी लावलेली, तेव्हा त्या आकड्यावरची सूट मोजूच नका. कापड हातात घेऊन भाव ठरवा.

तिसरी वाट गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. काही ब्रँड आउटलेटसाठी, म्हणजे स्वतःच्या सवलतीच्या दुकानांसाठी, वेगळाच माल शिवतात. कापड थोडं पातळ, बटणं साधी. नाव खरं, पण तो शर्ट 2,999 ला कधी विकायला ठेवलेलाच नसतो.

आणि चौथी वाट फर्स्ट कॉपीची, म्हणजे ब्रँडच्या हुबेहूब नकलेची. दुकान काढल्यावर तिसऱ्या वर्षी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून मी चारशे शर्टांचा लॉट घेतला. वरचे गठ्ठे अस्सल, खालचे जवळजवळ एक तृतीयांश नकली. ते मी लेबल काढून, ब्रँडचं नाव न घेता, मुद्दलापेक्षाही कमी भावात काढले. वर्षभराची कमाई त्यात गेली. पण नकली आहे हे माहीत असताना ब्रँड म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देणं मला जमलं नसतं. ती नक्कल पकडली आतल्या शिवणीतल्या धुण्याच्या सूचनांच्या पट्टीवरून. बाहेरच्या टॅगवर एक स्टाइल नंबर (कंपनी त्या डिझाइनला देते तो क्रमांक), आत भलताच.

बिलाचंही तुम्ही लिहिलंय, 1,199 वर जीएसटी लावून 1,259 घेतले. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. सवलतीच्या किमतीवर वरून कर लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्ये, जीएसटीआधीच्या व्हॅट कराच्या काळातल्या प्रकरणात, म्हटलं आहे. आधी दुकानात शांतपणे विचारा. नाही ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रक्कम साठ रुपये असली तरी सोडू नका, कारण तेच दुकान रोज शेकडो बिलं फाडतं.

आता शर्ट उलटा करा. आतला स्टाइल नंबर टॅगशी जुळतो का पाहा आणि टॅगवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलं असेल तर तेही. दीड-दोन वर्षं जुना निघाला तर गोदामातला उरलेला माल समजा. गळ्याच्या लेबलवर मार्करची रेघ दिसली तर घाबरू नका, माल पुन्हा पूर्ण किमतीच्या दुकानात परत येऊ नये म्हणून ती ओढतात. दोन्ही लेबलांचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.