तुला तिथे बोलावलंय कुणी?

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची आहे, यंदाच पदवी झाली. नोकरीला लागण्याआधी परदेशात जाऊन समाजोपयोगी काम करावं असं फार वाटतं. एका एजन्सीने तीन आठवड्यांचा कार्यक्रम सुचवलाय. तिथल्या अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं. अनुभव लागत नाही, मुलाखत नाही, फक्त शुल्क भरायचं. घरचे म्हणतात, पैसे मोजून फुकट राबायला कशाला जातेस? मला मुलांची मनापासून आवड आहे. जाऊ का?

उत्तर : परदेशात काम करायला जरूर जा, पण या कार्यक्रमात जाऊ नकोस. घरच्यांना खर्चाची चिंता आहे, मला त्या मुलांची आहे.

तुझ्याच वयाची असताना मी अशा एका संस्थेत तीन आठवडे राहिले होते. पहिल्या दिवशी फाटक उघडलं तशी चार-पाच वर्षांची एक मुलगी धावत आली आणि थेट माझ्या कडेवर चढली. माझं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. किती लाघवी पोर, असं मला वाटलं. पुढचे तीन आठवडे तिने माझी बाही सोडली नाही. मी फळ्यावर लिहीत असले तरी तिची एक मूठ बाहीत असायचीच. निघायच्या दिवशी माझ्या जागी नवी स्वयंसेविका आली. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली न ठेवली तोच ही पोर तिच्या कडेवर, आणि मूठ तिच्या बाहीत. मी दारात उभी होते, माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. आवडती माणसं दर तीन आठवड्यांनी निघून जातात, हे ती शिकली होती. तो धडा तिला देणाऱ्यांत मीही होते. आज इतकी वर्षं झाली, तरी ती मूठ आठवली की मला चैन पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. जगभर अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात असतो. गरिबीमुळे मुलं तिथे पोहोचतात. काही ठिकाणी तर पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं गोळा केली जातात. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेमुळे होणारं नुकसान रोखायला सांगितलं, ते उगाच नाही. ज्या दारातून कुणीही पैसे भरून मुलांपर्यंत पोहोचू शकतो, त्या दारातून तू आत जाऊ नयेस असं मला वाटतं.

मग कुठे जावं? कार्यक्रमाचं नाव बघण्याआधी एक विचार : मला तिथे बोलावलंय कुणी? हा प्रश्न या क्षेत्राइतकाच जुना आहे. 1920 मध्ये पिएर सेरेसोल हा स्विस माणूस काही सोबती घेऊन पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दँजवळच्या एन या फ्रेंच गावी गेला. त्यांच्यात जर्मनही होते. कालचे शत्रू एकत्र घरं बांधतील, ही कल्पना उदात्तच. पण तिथे जर्मन माणसं नकोत असा विरोध झाला आणि काही महिन्यांतच त्यांना निघावं लागलं. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली, ती आजही स्वयंसेवकांची शिबिरं भरवते. ब्रिटनच्या ‘व्हीएसओ’ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) या स्वयंसेवी संस्थेने 1958 मध्ये शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी पाठवून सुरुवात केली होती. पुढे मात्र मागणी येऊ लागली ती हातात कसब असलेल्या माणसांची.

वेळेचाही विचार कर. ‘पीस कोअर’ ही अमेरिकेची सरकारी संस्था तिथल्या नागरिकांना स्वयंसेवक म्हणून 27 महिन्यांसाठी परदेशी पाठवते, त्यातले पहिले सुमारे तीन महिने भाषा आणि कामाची पद्धत शिकण्यातच जातात. तुझा अख्खा कार्यक्रम तीन आठवड्यांचा! तुला अर्ज करता येईल असे दोन मार्ग सांगते. ‘संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक’ या कार्यक्रमात 18 ते 26 वयाच्या तरुणांसाठी वेगळ्या जागा असतात. शुल्क घेत नाहीत, उलट निर्वाहभत्ता मिळतो. दुसरा जर्मनीचा ‘वेल्टवेर्ट्स’. तो 2008 मध्ये जर्मन तरुणांना बाहेर पाठवण्यासाठी सुरू झाला आणि 2013 पासून आपल्यासारख्या देशांतले तरुणही तिकडे जाऊन काम करू लागले. निवड दोन्हीकडे कसून होते. नकार आला तर खचू नकोस, पुन्हा अर्ज कर.

कुठल्याही संस्थेला फोन करशील तेव्हा विचार, की माझ्यासोबत तिथला कोण तरुण काम करणार आहे आणि मी गेल्यावर ते काम कोण चालवणार आहे. मी हे पुढच्या नेमणुकीत शिकले. युवा केंद्रात संगणकाचे वर्ग मी एकटीने उभे केले, झपाटून केले. निघाले तेव्हा सगळे पासवर्ड माझ्याच वहीत राहिले. महिन्याभराने तिथल्या मुलाचं पत्र आलं : खोली उघडतो, झाडतो, पुन्हा बंद करतो. पासवर्ड त्याच दिवशी कळवले. पण त्या मुलाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवायला हवं होतं.

प्रश्न : मी नोकरी करते, घरी आजारी वडील आहेत. प्रवास शक्य नाही. माझ्यासारखीने हा विचार सोडूनच द्यायचा का?

उत्तर : मुळीच सोडू नका. ‘संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक’चंच ऑनलाइन काम असतं : भाषांतर, मांडणी, माहितीचं संकलन. आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, तेही घरबसल्या. झेपतील तेवढेच तास कबूल करा. पलीकडे कुणीतरी त्या मजकुरावर पुढचं काम योजलेलं असतं, म्हणून दिलेली तारीख मात्र पाळा. वडिलांच्या तब्येतीमुळे उशीर होणार असेल तर आदल्या दिवशीच कळवा, लोक समजून घेतात.