कॅसिनो चालवणारे आदिवासी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिलवॉकीला असते. तिथे ‘पोटावाटोमी’ नावाचा भलामोठा कॅसिनो आहे, अन् तो म्हणे आदिवासींचा! हे गणित डोक्यात बसत नाही. यांच्या जुन्या रीतीभाती उरल्या तरी आहेत का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : कॅसिनो त्यांचाच. पोटावाटोमी ही जमात, तिच्या ‘फॉरेस्ट काउंटी पोटावाटोमी’ या शाखेनं १९९१ मध्ये बिंगोपासून तिथे सुरुवात केली. जुगाराला मी चांगलं म्हणणार नाही. पण तिथे जमातीचं स्वतःचं सरकार असतं, आणि ही कमाई मुख्यतः जमातीचा कारभार, कल्याण, विकास यांवर लावायची, असं १९८८चा कायदा सांगतो. २००३ मध्ये या शाखेनं शेजारच्या ओजिब्वे लोकांसोबत क्रँडनची नियोजित जस्त-तांब्याची खाण १ कोटी ६५ लाख डॉलर मोजून विकत घेतली. कशाला? तर ती होऊ नये म्हणून! जवळच वुल्फ नदी आहे, ओजिब्वेंचं जंगली भाताचं तळं आहे. गडचिरोलीच्या बातम्या वाचणाऱ्यांना यापुढचं सांगायला नको.

ही शाखा मूळची हटायला नकार देणाऱ्यांची. मिशिगन सरोवराकाठचा, शिकागोसकट मोठा मुलूख या जमातीचा होता. १८३३च्या करारानंतर हुसकावणं वाढलं. १८३८ मध्ये इंडियानातून साडेआठशेवर माणसं बंदुकीच्या धाकात कॅन्ससला नेली. वाटेत चाळीसहून जास्त दगावली, त्यात लेकरंच जास्त. काही जण उत्तरेच्या जंगलात शिरले, ते हे.

आता रीतीभाती. ‘हे लोक अजून आहेत का?’ असं अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या संग्रहालयात, गोंडांचे दागिने बघताना माझ्या वर्गातली पोरं हमखास विचारायची, आणि त्याच रांगेत एखादा मडावी नाहीतर उईके, म्हणजे गोंडच, उभा असायचा.

मिशिगनमधल्या पोकॅगन शाखेच्या टोपल्या घ्या. आपला बुरूड बांबू चिरून कामट्या काढतो. तिथे काळ्या अ‍ॅश झाडाचा ओंडका सोलून कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकतात. ठोकता ठोकता लाकडाचं एकेका वर्षाचं वलय सुटं होतं, लांब पट्टी उचलून येते. ती तासायची, पातळ करायची, मग विणायची. हात दुखून येतात, पण खरं संकट वेगळंच आहे. आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, आणि तो ही झाडं मारत सुटलाय. म्हणून बिया गोळा करून ठेवणं, पोरांना विणकाम शिकवणं, दोन्ही चालू आहे. दरवर्षी एखादी शाखा यजमान होते आणि कॅन्सस, ओक्लाहोमा, मिशिगन, कॅनडाहून भाऊबंद जमतात. तिथे भाषेचे वर्गही भरतात.

मुलीला एखादा पाऊवाऊ, म्हणजे त्यांचा नाचाचा मेळा, बघायला सांगा. सुरुवातीला नाचणारे रिंगणात येतात तेव्हा उभं राहायचं, टोपी काढायची, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घ्यायचा नाही. खाऊपिऊचे स्टॉल असतात, रोख पैसे जवळ ठेवलेले बरे.