प्रश्न तुमचे : गणिताच्या तासाला वाघ-बकरी

प्रश्न : सातवीच्या वर्गात ४४ मुलं आहेत. जुलैच्या पावसात मैदानाचा तास बुडतो, म्हणून त्या तासाला गणितासाठी वाघ-बकरी हा पटावरचा खेळ खेळायला दिला : चार वाघ बकऱ्या मारतात, वीस बकऱ्या वाघांना कोंडतात. नुसता दंगा झाला, गणित बाजूलाच राहिलं. दुसरा खेळ घ्यावा का?
— एक शिक्षिका, राधानगरी

उत्तर : खेळ हाच ठेवा. गडबड बहुतेक वेळा पटापासूनच सुरू होते, म्हणून पट मुलांकडूनच काढून घ्या. पुठ्ठ्यावर २४ सेंमीचा चौरस घ्यायचा, ६-६ सेंमीवर आडव्या-उभ्या रेषा मारायच्या. २५ बिंदू, १६ घरं होतात. मग दोन मोठे कर्ण, आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा तिरका चौकोन. प्रत्येक घरात एकच तिरकी रेषा आली पाहिजे. मुलं हौसेने प्रत्येक घरात फुली मारतात. तसं झालं की वाघाला नको तेवढ्या वाटा मिळतात आणि डाव बिघडतो.

आता खेळण्याआधीच गणित येतं. प्रत्येक बिंदूपाशी तिथून किती वाटा निघतात ते लिहायला सांगा : कोपऱ्यावर ३, मधोमध ८. सगळ्यांची बेरीज ११२ येते, पण पटावरचे रेषेचे तुकडे मोजले तर ५६च भरतात. निम्मेच का? लगेच सांगू नका. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून मोजला गेलाय, हे कुणीतरी पोरगं बोलतंच.

एका पटावर चौघं, दोघं विरुद्ध दोघं. म्हणजे ११ पट. जोडीने खेळले की चाल ठरवताना बोलावं लागतं, आणि तो गलका चालेल. वाघांना ४४ बुचं, बकऱ्यांना २२० चिंचोके. दहा-वीस जास्तच ठेवा, हरवतात. वाघ चार कोपऱ्यांत, पहिली चाल बकरीची. वीसही बकऱ्या पटावर येईपर्यंत एकही बकरी हलवायची नाही. हा नियम फळ्यावर लिहून ठेवा, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. वाघ एका वेळी एकाच बकरीवरून, सरळ रेषेत, पुढच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारतो. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघ कोंडले की बकऱ्या.

३५ मिनिटांच्या तासात १८ मिनिटंच खेळ. डाव अर्धा राहिला तरी थांबवा. पुढे एकच प्रश्न : तुमची पहिली बकरी कुठे आणि का गेली? बहुतेकांची वाघाला खेटून ठेवलेली असते. कडेच्या बकरीवरून फक्त कडेच्या रेषेनेच उडी बसते, मधल्या बिंदूवर चार-चार रेषांनी. हे पटावर बोट ठेवून दाखवायला लावा. चाली लिहून ठेवायच्या असतील तर उभ्या ओळींना अ, ब, क, ड, इ आणि आडव्यांना १ ते ५. मधला बिंदू क३. निर्देशकांची ओळख फुकटात होते.

प्रश्न : दोन-तीन हुशार मुलंच सगळ्या चाली ठरवतात. काय करावं?
— एक शिक्षक, कागल

उत्तर : जोडीतल्या एकाने चाल सांगायची, सोंगटी दुसऱ्याने हलवायची, दर चालीला अदलाबदल. सांगणाऱ्याने कारणही सांगायचं, नाहीतर सोंगटीला हात नाही. आणि पुढच्या डावाला बाजू बदला, वाघ घेऊन बसायला सगळ्यांनाच आवडतं.

प्रश्न : शाळेसाठी बुद्धिबळाचे संच घ्यावेत की हेच पुरे?
— मुख्याध्यापक, गडहिंग्लज

उत्तर : या कामाला हेच पुरे. बुद्धिबळ घरी शिकून आलेलं मूल नवख्याला दहा मिनिटांत गुंडाळतं, मग चर्चेला काही उरत नाही. पैसे असतील तर जाड पुठ्ठा घ्या; पावसाळ्यात पातळ पुठ्ठा दमट होऊन वाकतो आणि चिंचोके घरंगळतात.