‘फक्त एक सही’ मागणारी मैत्रीण

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. डी.एड.पासूनची माझी मैत्रीण शेजारच्याच केंद्रात शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिच्या यजमानांनी दुकानासाठी पतसंस्थेतून तीन लाखांचे कर्ज काढले. दोन पगारदार जामीनदार हवे होते, म्हणून एक ती स्वतः आणि दुसरी मी, अशा आम्ही दोघींनी सह्या केल्या. मध्यंतरी हप्ते थकले आणि मला संस्थेचे पत्र आले. तेव्हा ती म्हणाली, “अगं, ते असंच सगळ्यांना पाठवतात.” आता आठ लाखांचे नवे कर्ज काढून जुने त्यातच मिटवायचे ठरले आहे आणि पुन्हा माझीच सही हवी आहे. “तुझ्या एका सहीनं तुझं काय जातंय?” असे ती विचारते. माझ्या सासूबाई कराडला रुग्णालयात होत्या, तेव्हा हिने तीन रात्री जागून काढल्या होत्या. नाही म्हणायला जीभ उचलत नाही आणि हो म्हणायला मन तयार नाही. आम्हालाही पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढायचे आहे. मी काय करावे?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, “तुझं काय जातंय?” या तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर आधी तुम्हाला स्वतःला ठाऊक असायला हवे, कारण तुमची सगळी घालमेल त्या उत्तराच्या अभावातून आलेली आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे संस्थेने आधी दुकानदाराच्या मागे लागावे, त्याच्याकडून काहीच निघाले नाही तरच तुमच्याकडे यावे, असे बंधन तिच्यावर नाही. हप्ते थकले की संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते आणि पगारदार माणसाकडून वसूल करणे सोपे असल्यामुळे पुष्कळदा तसेच होते. शिवाय पतसंस्थेला त्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळाला की पुढची कारवाई सुरू होते. तुम्हाला आलेले पत्र म्हणूनच ‘असंच पाठवलेलं’ नव्हते. ते जपून ठेवा.

तुम्ही भरलेले पैसे मैत्रिणीच्या यजमानांकडून परत मागण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो, हेही खरे. पण तो वापरायचा म्हणजे तिच्याच घरावर दावा लावायचा. माझ्या वडिलांनी गावातल्या एका स्नेह्यासाठी अशीच सही केली होती. हप्ते वडिलांनी भरले, दावा कधीच लावला नाही, आणि तरीही त्या दोघांचे बोलणे कायमचे थांबले. पैसे बुडाल्याचे दुःख त्यांनी पचवले. पारावर समोर आलेला मित्र मान खाली घालून वळून जाई, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत सोसले नाही. म्हणून ‘नकार दिला तर मैत्री तुटेल’ या भीतीशेजारी ‘होकार दिला तर ती कशी टिकेल’ हा प्रश्नही ठेवून पाहा.

तिच्या तीन रात्रींचे ऋण मोठे आहे आणि ते तुम्ही विसरू नये, असेच मीही म्हणेन. पण तिने तेव्हा जे दिले ते तिच्या आवाक्यातले होते, त्याला सुरुवात आणि शेवट होता, आणि ते देताना तिने तुमच्याकडून कोणताही कागद लिहून घेतला नव्हता. तुमच्याकडे आता मागितली जाणारी गोष्ट मात्र अनेक वर्षे तुमच्या पगारावर टांगलेली राहणार आहे. सेवेची फेड सेवेने करावी. तिच्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत घरी ठेवून घ्या, दुकानाचा हिशेब नीट मांडायला रविवार द्या, आणि परत नाही आली तरी चालेल एवढी एखादी रक्कम हाताशी असेल तर ती उसनी नव्हे, मदत म्हणून द्या. जुन्या लोकांनी भिडेला भिकेची बहीण म्हटले आहे. ऋण मान्य करणे निराळे आणि भिडेपोटी सही करणे निराळे.

आता नकार कसा द्यावा. तो लवकर द्या, म्हणजे अर्ज भरला जाण्याआधी, नाहीतर तिला दुसरा जामीनदार शोधायला वेळ उरणार नाही आणि त्याचा दोष रास्तपणे तुमच्याकडे येईल. मोबाइलवर निरोप पाठवू नका, घरी जाऊन सांगा. “आमचे हे नको म्हणतात” असे तर मुळीच सांगू नका. पतीच्या आड लपलेला नकार तिला खरा वाटणार नाही. ती तुमच्या पतीला गळ घालायला येईल आणि दोन घरांत विनाकारण कडवटपणा येईल. सरळ म्हणा, “अगं, तू माझ्यासाठी रात्री जागलीस हे मी विसरलेले नाही. पण मी यापुढे कुणालाच जामीन राहायचे नाही असे ठरवले आहे, आणि आम्हाला घराचे कर्जही काढायचे आहे.” हे दुसरे कारण बहाणा नाही. तुम्ही दिलेला जामीन तुमच्या सिबिल अहवालात दिसू शकतो आणि बँक तुम्हाला किती कर्ज द्यायचे ते ठरवताना तो मोजू शकते. ती रडली, रागावली, तर ऐकून घ्या. पण त्याच बैठकीत “बघते” म्हणू नका, कारण आपल्याकडे “बघते” याचा अर्थ होकारच धरला जातो.

जुन्या सहीचे मात्र तुम्हाला वेगळे पाहावे लागेल. उचललेल्या कर्जावरचा जामीन आपल्या मनाने मागे घेता येत नाही. संस्थेने तुमच्या जागी दुसरा जामीनदार स्वीकारला किंवा कर्ज फिटले, तरच तुम्ही सुटता. या दृष्टीने हे ‘नवे-जुने’ प्रकरण तुमच्या हिताचेच आहे. नव्या कर्जातून जुने खाते खरोखर बंद झाले, तर तुमचा पहिला जामीनही तिथेच संपतो. नव्या कागदावर सही केली, तर तीन लाखांची जबाबदारी आठ लाखांची होऊन परत येते. तेव्हा जुने खाते बंद झाल्याचा बेबाकी दाखला स्वतः संस्थेत जाऊन घ्या, आणि नवे कर्ज मंजूरच झाले नाही तर जुन्या खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी लेखी मागत राहा.